शेंडेफळांना तीट

या जगात नव्याने येणारी कुठलीही वस्तू कुंकू लावल्याशिवाय चालू होत नाही, यावर माझ्या विहीणबाईंचा जेवढा विश्वास होता, तेवढा माझा माझ्या गिरणीच्या मोटरवरसुद्धा नव्हता. माझी नगरला पिठाची गिरणी. पट्टा ताणलेला असला आणि दगडाला टाकी लावलेली असली की पीठ पडतं, एवढंच माझं शास्त्र. कुंकू लावा, न लावा, लाईट असेल तर गिरणी फिरते. हे मी एकदा त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आन लाईट न्हाई आली तर?" मी म्हटलं, तर नाही फिरत. "मंग त्या लाईटीला कुनी कुंकू लावलंय का?" असं विचारून त्यांनी माझ्याकडे अशा दयेने पाहिलं, की त्या दिवशी दुपारी लाईट गेल्यावर मला उगाचच अपराध्यासारखं वाटलं.

त्यांचं गाव पाथर्डीच्या बाजूला. तिथे पहिल्यांदा एस.टी. आली, तेव्हा सरपंच हार घेऊन उभे होते. पण गाडी थांबायच्या आत विहीणबाई ताट घेऊन पुढे. त्यांनी बॉनेटला कुंकू लावलं, चारी चाकांना लावलं, ड्रायव्हरला खिडकीतून डोकं बाहेर काढायला लावून त्याला लावलं. कंडक्टर म्हणाला, "मावशी, ही गाडी नवी न्हाई, जुनीच हाय. शेवगावच्या रूटवरची." "आमच्या गावाला नवी हाय का न्हाई? मंग वाक खाली." तो वाकला. पुढे कित्येक महिने ती गाडी गावात शिरताना दोनदा हॉर्न वाजवायची, आणि विहीणबाई चुलीपुढून ओरडून "आली का गं बाय" असं तिला विचारायच्या. खताची गोणी, नवा स्टोव्ह, देवी टोचायला आलेला सरकारी माणूस, शेजाऱ्याकडून दोन दिवसांसाठी मागून आणलेली शिडी, कुणीही कोऱ्या कपाळाने त्यांच्या उंबऱ्याच्या आत गेलं नाही. नुसतं कुंकू लावून भागत नसे, तर आलेल्याची ओळख करून द्यायची. नवी घागर आणली की तिला जुन्या घागरींपुढे धरून, "ही तुमची धाकली जाऊ. हिला बुडाला लई ठोकर देऊ नका." माझी लेक लग्न होऊन त्या घरात गेली तेव्हा तिला पहिल्या दिवशी सासरच्या माणसांच्या आधी म्हशीपुढे नेऊन उभं केलं. "ही आपली म्हस. हिच्याम्होरं माहेरचं कौतुक सांगू नको, हिला राग येतो." लेकीने माहेरी आल्यावर मला हे सांगितलं आणि म्हणाली, "आई, खरंच येतो गं."

वरमाय म्हणून त्यांना मांडवात मानाच्या पाटावर बसवणं हे माझ्या आयुष्यातलं एक हरलेलं काम. पाय धुतले, साडी दिली, बसवलं. पाठ फिरवली तर बाई पंगतीत बुंदी वाढतायत. मी म्हटलं, "विहीणबाई, लोक काय म्हणतील? बसा." त्या म्हणाल्या, "बसून मान घेतला की पाय मुंग्या मुंग्या व्हत्यात." पंगत हा त्यांचा दुसरा धर्म. आधी बारकी पोरं, मग म्हातारी, मग बाकीचे; आणि मोठ्याने बारक्याच्या ताटाकडे नुसतं बघितलं तरी त्याच्या पाठीत वाढायचा डाव बसायचा. त्यात त्यांचा आवाज. देवाने त्यांना कुजबुजण्याची सोयच दिली नव्हती. लेकीच्या लग्नातल्या भातात मीठ कमी आहे हे त्यांनी माझ्या कानात, अगदी माझी लाज राखून सांगितलं, आणि मांडवाबाहेरचे वाजंत्रीवाले मान डोलावू लागले.

तर अशा बाईची दावण त्या साली रिकामी झाली. पावसाने पाठ फिरवलेली, कडबा मिळेना, म्हैस विकावी लागली. मी भेटायला गेले तर दिवे लागायच्या वेळी बाई सवयीने चरवी घेऊन गोठ्यापर्यंत गेल्या आणि तशाच परत आल्या. मला म्हणाल्या, "घरात वाढतं काय तरी पायजे, ईनबाई. नुस्ती मानसं किती वाढवायची? ती ऐकत बी न्हाईत." माझ्या गिरणीत कोंबड्यांचं खाद्य भरडायला येणारी दोन-तीन गिऱ्हाइकं होती. त्यांचं ऐकून मी म्हटलं, पांढऱ्या कोंबड्यांची पिल्लं आणून देते, वाढवा. ते त्यांना इतकं पटलं की मी चहा संपवायच्या आत त्यांनी गोठा झाडायला घेतला.

अडचण एकच होती, आमचे व्याही. ते माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, अंड्याचं नाव काढलं तरी चूळ भरणार. महिन्यात ते जेवढं बोलायचे, तेवढं विहीणबाई चूल पेटवता पेटवता बोलून टाकायच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, टोपी काढली, झटकली, परत घातली आणि म्हणाले, "ठिव. पन माझ्या दारात जीव जाता कामा न्हाई. एक बी पिल्लू गेलं, तर त्याच दिशी बाकीची समदी नगरला परत." विहीणबाई खुशीत "व्हय" म्हणाल्या. मी कपाळाला हात लावला. कोंबडीचं एकही पिल्लू न दगावता वाढवणं म्हणजे एकही दाणा न सांडता पायली दळणं. पण व्याह्यांचा शब्द म्हणजे शब्द. ते रोज दुपारी रानातून जेवायला आले की गोठ्याच्या दाराशी उभे राहून आत एक नजर टाकायचे. आत पाऊल ठेवायचे नाहीत.

पिल्लांना आईच्या पंखाऐवजी जी ऊब द्यायची, तिला त्यांतलं एक गिऱ्हाईक ब्रूडर म्हणायचं. आमचा ब्रूडर म्हणजे माझ्या गिरणीवरचं धान्य ओतायचं जुनं पत्र्याचं नरसाळं. ते पालथं करून आढ्याला दोरीने टांगलं, त्याखाली जाळीत कंदील, खाली शेंगांच्या टरफलांचा भुसा, आणि भोवती तट्ट्याचं गोल कुंपण. नरसाळ्याला अर्थातच कुंकू लागलं. मी बजावून सांगितलं, सगळी पिल्लं एका वयाची ठेवा. लहानग्यांना जास्त ऊब लागते, थोरल्यांना कमी. थोरली लहानांना तुडवतात, त्यांचं खातात, टोचतात. विहीणबाईंनी हे सगळं ऐकलं आणि मार्गशीर्षात पहिली खेप, पंधरवड्याने दुसरी आणि संक्रांतीच्या अलीकडे तिसरी, अशी तीन वयांची पिल्लं एकाच नरसाळ्याखाली वाढवायचा बेत सांगितला. मी चिडले. त्या म्हणाल्या, "एका वयाची पोरं एका ठिकानी ठिवली की ती शाळा व्हती, ईनबाई. घर न्हाई व्हत."

आता मी काही कौतुक करणारी बाई नव्हे, पण दुसऱ्या खेपेनंतर गेले तेव्हा तट्ट्यावरून वाकून बघतच राहिले. त्यांनी नरसाळं तिरकं टांगलं होतं. एक कड खाली, तिथे दाट ऊब, धाकटी तिथे बसलेली. दुसरी कड वर उचललेली, तिथे थोरली पाय पसरून. "गोधडी येकच आसली की काय करतो आपन? बारक्याच्या गळ्यापत्तूर वढायची, थोरल्याचं पाय उघडं राहतील तर राहू दे." आणि पंगत! एक पाटी पालथी घालून तिच्या काठाला एवढ्याच फटी केल्या होत्या की फक्त धाकटं पिल्लू आत जाईल. आत त्यांचा भरडा. थोरली बाहेरून फटीत माना घालून ओरडत होती आणि विहीणबाई त्यांना सांगत होत्या, "थांबा की भाड्यांनो, तुमची पंगत बसायची हाय अजून." व्याही दारातून बघून गेले. काही बोलले नाहीत, म्हणजे सगळी जिवंत होती.

तिसरी खेप मी संक्रांतीच्या आधी घेऊन गेले. भोकं पाडलेलं खोकं मांडीवर, एस.टी.त सगळी गाडी "चिव चिव" ऐकत पाथर्डीच्या रस्त्याला लागलेली, वारं असं बोचरं की मी खोक्याला माझी शाल गुंडाळली होती. विहीणबाई ताट घेऊन ओट्यावर तयार. पहिल्या दोन खेपांना त्यांनी खोक्यालाच कुंकू लावून भागवलं होतं. पण ही शेवटची खेप. शेंडेफळं! शेंडेफळांना घाऊक कुंकू कसं चालेल? त्यात संक्रांतीचं हळदीकुंकू तोंडावर आलेलं, करंडा काठोकाठ भरलेला. त्यांनी कुंकू पाण्यात कालवलं, एकेक पिल्लू मुठीत धरलं, त्याच्या पिवळ्या डोक्यावर करंगळीने ठसठशीत टिकली लावली आणि नरसाळ्याखाली सोडलं. माझी लेक पिल्लं हातात देत होती. मी चहा पीत होते. लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये असलं काही मी मानत नाही; मी दोन कप घेते.

सगळी शेंडेफळं खाली बसली. विहीणबाईंनी थोरल्यांना ओळख करून दिली, "ही तुमची भावंडं, नीट ऱ्हावा." थोरल्यातला एक जण पुढे आला. त्याने एका टिकलीकडे डाव्या डोळ्याने बघितलं, मान फिरवून उजव्या डोळ्याने बघितलं, आणि टोच मारली.

कोंबडीच्या जातीला लाल रंग दिसला की राहवत नाही, हे मला गिऱ्हाइकाने सांगितलं होतं. पण पिल्लांना कुणी कुंकू लावील हे त्या गिऱ्हाइकाच्या स्वप्नातही आलं नसणार. एकाचं बघून दुसरं आलं, दुसऱ्याचं बघून सगळी. गोठ्यात असा गोंधळ माजला की विचारू नका. शेंडेफळं ओरडत पळतायत, थोरली त्यांच्या टिकल्यांमागे, विहीणबाई तट्ट्यावरून अर्ध्या आत वाकून "आरं धाकली हाइत तुमची! कुंकू हाय त्ये! खायाचं न्हाई!" असं ओरडतायत, आणि त्यांच्या ओरडण्याने बाहेर रस्त्याने चाललेले लोक थांबून "काय झालं हो?" विचारतायत. एक-दोघांच्या डोक्यातून रक्त आलं. म्हणजे आणखी लाल. मी कप ठेवला, आत हात घातले आणि शेंडेफळं परत खोक्यात भरली.

"पुसा ते कुंकू," मी म्हटलं. विहीणबाईंनी पदराने पुसलं. ते पसरलं, पिवळं पिल्लू गुलाबी झालं. लेकीने खोबरेल तेलाचं बोट फिरवलं. आता तर शेंदूर फासलेला मारुती. पाण्याने धुणं शक्य नव्हतं, ओलं पिल्लू त्या वाऱ्यात गारठून गेलं असतं. खोक्यात ठेवावीत तर तिथे ऊब नाही. ती एकमेकांवर चढून थरथरत होती. कंदील एकच. आणि उन्हं डोक्यावर आलेली. व्याही रानातून निघालेच असणार. आल्यावर ते दाराशी उभे राहणार, नजर टाकणार, आणि एक जरी मान टाकलेलं दिसलं तरी संध्याकाळच्या एस.टी.ने सगळं गोकुळ माझ्या मांडीवर नगरला परत. विहीणबाईंचा चेहरा इतका उतरला की मी त्यांना कधी तसं पाहिलं नव्हतं. पहिल्यांदाच त्या हळू आवाजात बोलल्या, आणि खरोखरच हळू. "माझ्याच हातानं केलं बगा, ईनबाई."

मी काही बोलणार तोच त्या ताडकन उठल्या. "न्हाई! नजर लागली. समद्यांना वाजत गाजत आत घेतलं, आन तीट लावायची इसरले!" असं म्हणून त्या घरातून काजळाची डबी घेऊन आल्या. मी म्हणणार होते की नजर कसली लागतेय, तुमचं कुंकू लागलंय. पण त्यांनी पहिल्या पिल्लाच्या लाल टिकलीवरच काजळाचं बोट टेकवलं आणि मी तोंड मिटलं. काळ्याखाली लाल दिसेना. मी पदर खोचला, डबी मधे ओढली आणि म्हटलं, "जाड लावा. अजून जाड. रक्ताच्या जागी तर दोन बोटं." "तुमी तर तीट मानत न्हाई!" "आज मानते. हात चालवा." दोघी विहिणी गोठ्यात मांडी ठोकून शेंडेफळांना तीट लावत बसलो. एकेक काळं डोकं नरसाळ्याखाली सोडलं. तो पहिला थोरला पुन्हा पुढे आला. डाव्या डोळ्याने बघितलं, उजव्या डोळ्याने बघितलं, आणि कंटाळून भरडा खायला निघून गेला. "बगा," विहीणबाई म्हणाल्या, "उतरली नजर." मी हो म्हटलं. पीठ पडल्याशी कारण.

पण एक राहिलं होतं. सगळ्यात बारकं, डोक्यावरची लव पार उपटलेलं, मान टाकून माझ्या ओंजळीत पडलेलं. आणि ओट्यावर चपला वाजल्या. विहीणबाईंनी माझ्या ओंजळीतून ते उचललं, चोळीत घातलं, वरून पदर घेतला आणि "आला व्हय? बसा, ताट करते" म्हणत चुलीपुढे गेल्या. व्याही जेवायला बसले. रोज आधी दाराशी जायचे, त्या दिवशी आधी पाटावर बसले. मी आणि लेक भिंतीला टेकून उभ्या. चोळीतून आवाज नव्हता, आणि तीच भीती होती. विहीणबाईंनी ते जगतंय की नाही हे कळू नये म्हणून, स्वतःलासुद्धा कळू नये म्हणून बहुधा, बोलायला सुरुवात केली. पाऊस, मागच्या वर्षीचा पाऊस, चुलत सासऱ्यांचा पाय, हरभऱ्याच्या भाजीत लसूण किती घालावा. भाकरी थापता थापता त्या बोलत होत्या आणि डावा हात पुन्हा पुन्हा पदराखाली जात होता. मग मधेच, दम घ्यायला त्या थांबल्या तेव्हा, चोळीतून स्पष्ट "चिव" आलं.

विहीणबाई खोकल्या. "चिव चिव" आलं. त्या आणखी जोरात खोकल्या, मग खोकला पुरेना म्हणून त्यांनी अभंग सुरू केला. त्यांच्या आवाजात अभंग म्हणजे गावाला भजन सुरू झाल्याची वर्दी. समोरच्या घरातली म्हातारी टाळ घेऊन बाहेर आली. आणि ते पिल्लू, मेलेलं समजून आम्ही ज्याला रडायच्या बेतात होतो ते, ऊब लागल्यावर असं काही चेकाळलं की अभंगाच्या वर त्याचा आवाज. लेकीने तोंडात पदर कोंबला. मी आढ्याकडे बघत राहिले. व्याही खाली मान घालून जेवत होते. शेवटचा घास खाल्ला, ताटात पाणी घातलं, आणि म्हणाले, "हात धुवाया पानी दे. आन त्या चोळीतल्याला बी पाज जरा."

मग ते गोठ्याच्या दाराशी गेले. आत बघितलं. "ह्या बारक्यांच्या डोस्क्याला काय झालं?"

"तीट हाय," विहीणबाई म्हणाल्या.

"त्यांना कुनाची नजर लागतीया?"

"तुमचीच. रोज टकामका बगता ते."

व्याह्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "आजपून बगत न्हाई मंग," एवढं बोलून रानात गेले.

ते बारकं जगलं. सगळी जगली. पुढच्या खेपेला मी भरडा घेऊन गेले तर व्याही गोठ्याच्या उंबऱ्याबाहेर उभे राहून, एक हात आत घालून, नरसाळ्याची दोरी ओढत होते. पिल्लं वाढली की नरसाळं वर घ्यावं लागतं. मला बघून म्हणाले, "मी आत गेलो न्हाई. हात गेलाय." त्या टकल्या पिल्लाचा पुढे मोठा कोंबडा झाला. डोक्यावर कधीच धड तुरा आला नाही. तो रोज व्याह्यांच्या मागून रानात जायचा, बांधावर बसायचा, त्यांच्या मागून परत यायचा. माळकऱ्याच्या मागे कोंबडा बघून लोक हसायचे. "ह्यो बी माळकरीच हाय," विहीणबाई लोकांना सांगायच्या. "दाने सोडून कशाला तोंड लावत न्हाई." त्याला किडे खाताना मी स्वतः पाहिलं होतं, पण असो.

दोन वर्षांनी व्याही गेले. आजारपण नाही, काही नाही. रानातून आले, ओट्यावर बसले, तिथेच. कोंबडा त्यांच्या शेजारी होता असं लेक सांगते.

दिवस झाल्यावर थोडे दिवस जाऊ दिले आणि कुणाला न विचारता पिल्लांचं एक खोकं घेऊन गेले. भेटायला रिकाम्या हाताने जाऊन रडण्यात मला अर्थ वाटत नाही. विहीणबाई ओट्यावर होत्या. खोक्यातून चिवचिव येत होती. त्यांनी खोक्यावर हात ठेवला आणि तशाच बसल्या. ताट नाही, काही नाही. गावात शिरणाऱ्या एस.टी.च्या माणसालासुद्धा वाकायला लावणारी ती बाई, मोकळ्या कपाळाने खोक्याकडे बघत होती. मी म्हटलं, "आत घ्यायची ना?" त्या म्हणाल्या, "तुमी घ्या, ईनबाई. आता माझ्या हातानं कशाला." तेही हळू. दुसऱ्यांदा.

मी आत गेले, फळीवरची काजळाची डबी आणली आणि त्यांच्या पुढ्यात ठेवली. म्हटलं, "ह्यांना कुंकू चालतच नाही, विसरलात का? तेव्हा काय तमाशा झाला होता. ह्यांना तीट लागते. आणि काजळाला काही कुणाच्या हाताची मनाई नाही. चला, हात चालवा, गार होतायत ती."

त्यांनी डबी उचलली, पदराने पुसली. मग झाकण उघडलं. एकेक पिल्लू मुठीत घेऊन, डोक्यावर बोट टेकवून, ओळख करून देत त्यांनी सगळी नरसाळ्याखाली सोडली. शेवटच्याला सोडताना आवाज चांगला मोठा झाला होता. थोरल्या कोंबड्यांना दमदाटी चालू होती. मला एस.टी.ची वेळ झाली. मी निघाले तर म्हणाल्या, "थांबा, इकडं या," आणि बोटाला राहिलेलं काजळ माझ्या गालाला लावलं. चांगली पन्नाशीला आलेली, गिरणी चालवणारी बाई मी. "लई धावपळ करता," त्या म्हणाल्या. "नजर लागंल कुनाची."

गाडीत कंडक्टर तिकीट देताना माझ्या गालाकडे बघत राहिला. बघ म्हटलं, बाबा. नगर येईपर्यंत मी ते पुसलं नाही.